कानवाला मिस्त्री

पुलावरून पाचवी गाडी खाली पडली आणि माझ्या खुर्चीच्या बुडाला हादरा बसला. गाडी पडते पडद्यावर आणि धक्का बसतो आपल्या माकडहाडाला, ही कसली करमणूक देव जाणे! डावीकडे माझी लेक निधी, वय वर्षं चोवीस, पाय वर घेऊन डोळे फाडून बघत होती. हाच सिनेमा तिने गेल्या शुक्रवारी मैत्रिणींबरोबर पाहिला होता, तरी पुन्हा. उजवीकडे माझी बायको इंदू. पहिल्या स्फोटाला ती दचकली, दुसऱ्याला "अगं बाई" म्हणाली आणि तिसऱ्याला झोपली. ही बाई कुठेही झोपू शकते हे मला एकतीस वर्षांपासून माहीत आहे, पण तोफांच्या माऱ्यातही झोपेल हे आजच कळलं.

"निधी," मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "हा पोट्टा इतक्या गाड्या काहून पाडून राहिला?"

"पप्पा, वो विलेन के आदमी हैं।"

"मग त्याइले पकड म्हणा ना. गाड्याइनं काय केलं?"

"पप्पा, प्लीज. देखो ना चुपचाप।"

आमच्या घरी हे असंच चालतं. आम्ही मराठीत विचारायचं आणि पोरीने हिंदीत उत्तर द्यायचं. समजतं तिला सगळं. आम्ही भंडाऱ्याचे, पण तिचा जन्म रायपूरचा, शाळा रायपूरची, त्यामुळे तिची जीभ हिंदीकडे वळली ती वळलीच. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते या धडामधुडुमचं. मला सिनेमा आवडत नाही असं नाही, मला हळू आवाजातला सिनेमा आवडतो. दोन माणसं गॅलरीत उभी आहेत, एकाच्या मनात काहीतरी आहे आणि ते त्याला म्हणता येत नाही, चहा गार होतो. बस. निधी त्याला "पप्पा के चाय वाले पिक्चर" म्हणते.

"उसमें होता क्या है?" एकदा तिने विचारलं होतं. "चाय ठंडी होती है।"

"मी आठ तास आवाजात राहतो, पोट्टी. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून अजून आवाज घेऊ?"

"और मैं आठ घंटे हेडफोन लगा के 'जी सर, मैं समझ सकती हूँ सर' बोलती हूँ," ती फणकारली. एका विमा कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर ती बसते. "धीरे धीरे, मीठा मीठा. हफ्ते में एक दिन किसी को तो चिल्लाने दो, पप्पा।"



आजही मी आलो नसतो. पण नौतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागला होता, बाहेर पंचेचाळीस, घरातला कूलर गरम वाफा फेकत होता, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे मी गेले चार दिवस घरात येरझाऱ्या घालून सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. "बाबा रे, याइले घेऊन जा कुठंतरी," असं इंदूच निधीला म्हणाली. मी आतल्या खोलीतून ऐकलं.

येरझाऱ्यांचं कारण सांगतो. रायपूरजवळ सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात मी बेअरिंग ऐकतो. हो, ऐकतो. तोच माझा धंदा. पंखा, मोटर, पट्टा, जे काही फिरतं ते बेअरिंगवर फिरतं, आणि बेअरिंग जायच्या आधी महिनाभर कुरकुरतं. मी हातभर लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक यंत्राला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो आणि डोळे मिटतो. तेवढ्या गदारोळातून मला त्या एका बेअरिंगचं दुखणं वेगळं कळतं. कसं कळतं ते विचारू नका, मलाही सांगता येत नाही. या कानाच्या जोरावर चौतीस वर्षं काढली. साठीला निवृत्त झालो, तर कंपनीने दोन वर्षं करारावर पुन्हा ठेवून घेतलं. अख्ख्या सिलतऱ्यात मला ठवकर म्हणून कमी आणि कानवाला मिस्त्री म्हणून जास्त ओळखतात.

गेल्या वर्षी इरावती मॅडम आल्या. नाशिकच्या, वय निधीपेक्षा चार वर्षांनी जास्त, आणि हातात साबणाच्या वडीएवढं मशीन. ते यंत्राला चिकटवायचं की त्याची थरथर मोबाइलवर रेघांनी दिसते. मुलगी चांगली. मला काका म्हणते, खुर्ची देते. पण मशीन ते मशीन.

पंधरा दिवसांपूर्वी मी म्हणालो, भट्टीचा धूर ओढणाऱ्या एक नंबर पंख्याचं बेअरिंग जायला लागलं. बारीक, सलग शीळ येत होती. मॅडमच्या रेघा म्हणाल्या, सगळं ठीक. मॅनेजरने माझं ऐकलं. भट्टी थंड करायला लागली, सगळा कारखाना अडला, पंखा उघडला, आणि बेअरिंग निघालं लखलखीत. कोणी काही बोललं नाही, हेच वाईट. मी म्हणालो, "लॉट खराब आहे, आतून गेलेलं असंल, दिसत नाही." मग बुधवारी दोन नंबरच्या पंख्यातही तीच शीळ ऐकू आली. तीच! म्हणजे एकाच लॉटचा माल, दुसरं काय? मी पुन्हा लिहून दिलं. मंगळवारी तो पंखा उघडायचा होता. तोही लखलखीत निघाला तर माझं काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. करार जूनअखेर संपत होता. त्या चार दिवसांच्या येरझाऱ्या यामुळे.

तर, पडद्यावर सातवी की आठवी गाडी पडली आणि एकदम सगळं थांबलं. हिरोची आई दवाखान्यात, डोळे मिटलेले, हिरो दाराशी. मी सावरून बसलो. चला, तासाभरात एक माणसासारखं दृश्य आलं.

आणि मला ती ऐकू आली.

बारीक, सलग शीळ. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी आतून सुरुवात होते ना, तशी. मान वळवली. वरच्या जाळीतून एसीची हवा येत होती. हॉलमागे कुठेतरी मोठा ब्लोअर असणार, आणि त्याचं बेअरिंग जायला लागलं होतं. अरे, हाच तो लॉट! शहरभर पसरला म्हणायचा!

"निधी, आयकू येऊन राहिलं का तुले?"

"क्या?"

"बेअरिंग."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हिच्या लहानपणी आपण हिच्याकडे असं डोळे वटारून कधी पाहिलं होतं का, असं मला वाटलं. "पप्पा. माँ मर रही है उसकी।"

तेवढ्यात आईने डोळे उघडले, ढोल वाजले, हिरोने दवाखान्याची भिंत फोडली आणि शीळ त्या कल्लोळाखाली गेली. पण मला आता बसवेना. एकदा माझ्या तोंडून बेअरिंग गेलं असं निघालं की ते हातात धरून बघेपर्यंत मला चैन पडत नाही. आणि खरं सांगतो, मनात एक लबाड आशाही उठली. इथला ब्लोअर खराब निघाला, लॉट तोच निघाला, तर मंगळवारच्या आधीच मी खरा. उद्या सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवायला पुरावा. इंदूच्या गुडघ्यांवरून मी बाहेर पडलो. "पप्पा, कहाँ?" निधी म्हणाली. "आलो," म्हणालो.

मागच्या बोळात खाकी शर्टातला एक माणूस स्टुलावर बसून टरबुजाची फोड खात होता. खिशावर नाव, खेलावन साहू. पन्नाशीचा असेल.

"का होगे भैया, सिनेमा नइ भात हे का?" सिनेमा आवडत नाही का, असं त्याने हसून छत्तीसगढीत विचारलं.

"भैया, तुम्हारे ब्लोअर का बेअरिंग जा रहा है।"

तो चावायचा थांबला. मी कोण, कुठला, ते सांगितलं. सिलतरा म्हणताच तो उभा राहिला. "तुमन कान वाला मिस्त्री हव का? मोर बड़े भाई उहें काम करथे!" मग काय! त्याने फोड ठेवली, हात पुसले आणि मशीनघराचं कुलूप उघडलं. नावाने दार उघडलं, याचा मला किती आनंद झाला ते काय सांगू. छाती दोन बोटं पुढे आली असेल.

आत पत्र्याच्या पेटीत ब्लोअर घोंघावत होता. खेलावनचा पेचकस घेऊन मी टोक लावलं, मूठ कानामागे टेकवली, डोळे मिटले. होती. तीच शीळ, तीच पट्टी.

"हेच," मी म्हणालो. "सुनो।"

त्यानेही ऐकलं. बराच वेळ ऐकलं, आदराने ऐकलं. "मोला तो कुछु नइ सुनावत हे, भैया।"

"तुझा कान कच्चा आहे," मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. "बंद करके देखो. बंद किया तो शीटी बंद होगी।"

तो घुटमळला. "इंटरवल म दू मिनट कर सकथंव. ओखर ले जादा म पब्लिक चिल्लाही।"

इंटरव्हल व्हायला चार मिनिटं होती. आम्ही थांबलो. मधल्या दारातून हॉलमधले धमाके येत होते, खेलावन भावाच्या गोष्टी सांगत होता, आणि मी लॉट नंबर टिपायला खिशातून पेन काढून ठेवलं होतं. मग पलीकडे दिवे लागले, लोक उठल्याचा आवाज आला, खेलावनने बटण दाबलं.

ब्लोअर हळूहळू उतरत गेला. घोंघाट, मग घरघर, मग सळसळ, मग नुसती पात्यांची सुस्त हालचाल. मग तीही थांबली. खोली एकदम गप्प झाली.

शीळ चालूच होती.

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "दुसरं काय चालू आहे? पंप? एग्झॉस्ट?"

"कुछु नहीं, भैया. सब बंद हे।"

भिंतीपलीकडे दुसरा हॉल असेल. मी भिंतीला कान लावला, मग दाराला, मग जमिनीला. गुडघे टेकून फरशीला कान लावलेला बासष्ट वर्षांचा माणूस, खेलावन बघत होता. शीळ सगळीकडे तेवढीच होती. कमी नाही, जास्त नाही. चौतीस वर्षं मी हेच तर शिकलो होतो, की आवाज जिथून येतो तिकडे गेलं की वाढतो. मग एक गोष्ट सुचली, आणि ती करू नये असंही वाटलं. मी दोन्ही कानांत बोटं घातली.

शीळ वाढली.

मी तसाच फरशीवर खाली बसलो. एक नंबरचा पंखा, दोन नंबरचा पंखा, हा ब्लोअर, लॉट, सगळं माझ्या डोक्यात होतं. अक्षरशः डोक्यात. केव्हापासून? भट्टीशेजारी इतका गोंगाट, घरी कूलर, इंदूचा टीव्ही. या उन्हाळ्यात मी शांत बसलोच नसेन कुठे, म्हणून कळलं नसेल.

"बंद होइस का, भैया?" खेलावनने विचारलं.

काय सोपं होतं सांगू? 'हो' म्हटलं की झालं.

"बंद होगे होही त काली खोलवा देथंव," तो पुढे म्हणाला. "तुमन कहि देव त बात खतम।"

तुम्ही म्हणालात की विषय संपला. कोणीतरी उद्या हे धड चाललेलं यंत्र उघडणार, माझ्या नावावर. मी भिंतीचा आधार घेऊन उठलो.

"नको खोलू, भैया. बेअरिंग अच्छा है. मेरी गलती हुई।"

असं मी कोणाला शेवटचं कधी म्हणालो होतो, आठवत नाही. खेलावनने बटण दाबून ब्लोअर चालू केला आणि खूप समजुतीने म्हणाला, "होथे, भैया. होथे।" त्याच्या त्या समजुतीचा मला राग आला. त्याने हसायला हवं होतं.

बोळात येऊन मी फोन काढला. उद्यावर ढकललं तर रात्रीतून माझं मन काहीतरी नवीन लॉट शोधून काढेल, हे मी स्वतःला ओळखून होतो. इरावती मॅडमने दुसऱ्या रिंगला उचलला.

"काका? रविवारचं काय काढलंत?"

"मॅडम, मंगळवारचं शटडाऊन रद्द करा. दोन नंबरचं बेअरिंग चांगलं आहे. तुमचं मशीन बरोबर होतं. एक नंबरलाही बरोबर होतं."

"पुन्हा ऐकलंत का तुम्ही? आज तर सुट्टी आहे."

"पंखा नाही ऐकला. कान ऐकला." मी भिंतीकडे तोंड केलं. "शीळ पंख्यात नाही, मॅडम. माझ्यात आहे."

बोळाच्या तोंडाशी माणसं पॉपकॉर्न घेऊन येत होती, एक पोरगी हिरोसारखी हात पसरून पळत होती.

"डॉक्टरांकडे जाऊ आपण, काका. मी येते बरोबर," मॅडम म्हणाली. "आणि मंगळवारी तुम्ही या तर खरं."

"शटडाऊन नाही, तर मंगळवारी माझं काय काम?"

हुशार मुलगी. खोटा धीर दिला नाही. "मॅनेजरना मी सांगू की तुम्ही?" एवढंच विचारलं.

"मीच सांगतो. उद्या सकाळी. माझ्या तोंडानं सांगू द्या."

फोन ठेवला, वळलो, तर मागे निधी उभी. हातात पॉपकॉर्नचा डबा, तो तिरका होऊन दोन-चार लाह्या खाली पडलेल्या. केव्हापासून उभी होती विचारलं नाही. सगळं मराठी तिला समजतं, हे मी म्हणालोच.

"मम्मी उठ गई," ती म्हणाली. "पूछ रही है पिक्चर खतम हुआ क्या।"

"काय सांगितलं?"

"बोला, अभी आधा बाकी है।" तिने डबा सरळ धरला. "घर चलें, पप्पा?"

घर. मला आमच्या बैठकीची खोली दिसली. दुपारची, पडदे ओढलेली, लाइट गेला की पार गप्प होणारी. गेल्या उन्हाळ्यापर्यंत सुट्टीच्या दिवशी त्या गप्प खोलीसाठी मी जीव टाकायचो. कूलर बंद करून बसायचो घाम गाळत, नुसतं काही ऐकू येऊ नये म्हणून. आता तिथे जाऊन काय ऐकणार?

"नको," मी म्हणालो. "पाहू उरलेला."

आत शिरलो तेव्हा अंधार झाला होता. इंदू कुजबुजली, "कोठी गेले होते जी? पोट बिघडलं का?" मी म्हणालो, हो. तिने पर्समधून ओव्याची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. मी निमूटपणे ओवा खाल्ला.

मग पडद्यावर कारखाना पेटला. कुठला कारखाना, कोणी पेटवला, मला काही माहीत नव्हतं. टाक्या फुटल्या, लोखंडाचे खांब कोसळले, खुर्ची थरथरली, कानठळ्या बसल्या, आणि शीळ गेली. पार गेली. मी डोळे मिटले. चार दिवस, की चार महिने, की किती दिवस कोण जाणे, मानेत जे काही ताणलेलं होतं ते सैल झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि अंधारात ते कोणाला दिसायचं कारण नव्हतं. लढाई चालली तेवढा वेळ मी हललोसुद्धा नाही. मागचा एक पोट्टा शिट्ट्या मारत होता. मार बाबा, म्हटलं, अजून मार.

धूर विरला. हिरो नदीकाठी एकटा बसला होता. मागे वीणेसारखं काहीतरी हळू वाजत होतं, तेही थांबलं. हॉलमध्ये कोणाच्या तरी स्ट्रॉचा आवाज आला. आणि आली ती परत, बारीक, सलग, आपल्या जागेवर. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

निधी पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मग ती वाकली आणि माझ्या कानापाशी, तक्रारीवाल्या माणसाशी बोलते त्या हळू, गोड आवाजात म्हणाली, "पप्पा, ये शांत वाला सीन है. चार मिनट का।"

"मग?"

"फिर हेलिकॉप्टर आता है।"

मी मान हलवली आणि हेलिकॉप्टरची वाट बघत बसलो.